दोरीचं माप

"परत अडकली! लक्ष कुठंय तुझं?" दोरीबाई ओरडल्या. दोरीउड्यांचा संघ निवडायचा दिवस होता आणि शाळेतली सगळ्यात चपळ मुलगी, जिला सगळे लाडानं नाकतोडा म्हणत, पुन्हा पुन्हा अडखळत होती.

"माहीत नाही बाई. पायच अडकतात."

"सुट्टीभर लोळलीस ना? मग भोग आता." बाईंनी तिला संघातून वगळलं.

खेळाच्या शिक्षिका म्हणून त्यांचं अख्खं आयुष्य या दोरीत गेलं होतं. मैदान लागत नाही, दम वाढतो, भित्रं पोर धीट होतं, हे ऐकवून त्यांनी मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे कान किटवले होते. आणि पुरावा म्हणून नाकतोड्याकडे बोट दाखवायचं. जिना चढताना धापा टाकणारी, वर्गात तोंड न उघडणारी ही मुलगी दोरीमुळेच माणसांत आली होती. म्हणून तर राग जास्त आला.

संघाची स्पर्धा आटोपली, त्याच संध्याकाळी बाई पडदे शिवायला टाकायला नाकतोड्याच्या आईकडे गेल्या. आई शेजारी बसलेल्या लेकीच्या गणवेशाची दुमड उसवत होती.

"बघा ना बाई, सुट्टीत कशी ताडमाड वाढली. जुनं काही म्हणून पुरत नाही हिला."

बाईंना एकदम दोरी आठवली. प्रत्येक मुलाची दोरी त्या स्वतः कापून देत. दोरीवर मधोमध उभं राहायचं, मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत. सुट्टीनंतर सगळ्यांचं माप पुन्हा घ्यायचं, हा नियमही त्यांचाच. यंदा गडबडीत तेच राहून गेलं होतं, आणि रागाच्या भरात समोरचं दिसलंही नव्हतं.

पडदे तिथेच टाकून त्या शाळेत गेल्या आणि लांब दोरी घेऊन परतल्या.

"चूक माझी होती गं. तुझी दोरी आखूड पडत होती."

मुलीनं आईकडे पाहिलं. मग दारासमोर उड्या मारायला लागली. एकदाही अडकली नाही. आईचं मशीन थांबलं. बाईंना मात्र तिच्याकडे बघवेना.

"पुढच्या वर्षी संघात पहिली तूच," त्या कशाबशा म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी मी दुसऱ्या शाळेत असेन बाई. आपल्याकडे पुढचा वर्ग नाही ना."

तिनं दोरीची नीट घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली.

"शाळेची आहे," ती म्हणाली.