शांतता वाजवणारा स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. एका लहानशा चित्रपटगृहात पडद्यामागे माझा उभा जन्म गेला. आज मला ओढून पुढे आणले आहे आणि भंगारवाला पक्कड घेऊन उभा आहे. आवाज आला तर मी राहीन, नाहीतर माझी तार कापली जाईल, असे मालकीणबाईंनी बजावले आहे. माझा जीव टांगणीला लागला आहे.

तरुणपणी मी नुसता ओरडायचो. मारामारी, गाणी, रडारड! लोक वाहवा करायचे आणि मी फुशारून जायचो. मग ऑपरेटरकाकांनी जपानी भयपट लावायला सुरुवात केली. मला वाटले, आता किंकाळ्यांनी घसा बसणार. कसले काय! रिकामी खोली, बंद कपाट, नळाचा एखादा थेंब आणि मग काहीच नाही. भूत धड दिसतही नसे. तरी लोक पाय वर घेऊन बसायचे, शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरायचे आणि पुन्हा हौसेने घाबरायला यायचे.

“घरी आपली भीती एकट्यालाच खावी लागते,” काका म्हणायचे, “इथं ती वाटून घेता येते.”

पुढे नवे स्पीकर आले. माझ्यावर धूळ साचली, आवाज काढणारा आतला कागद फाटला. कुणी साधा फडकाही मारला नाही.

आज चाचणीसाठी काकांनी आपला लाडका जपानी चित्रपटच लावला आणि ते प्रोजेक्टरच्या खोलीतून धावत खाली आले. प्रेमापोटी केलेली चूकच ती, कारण त्यात सुरुवातीला नुसती शांतता! पडद्यावर बंद कपाट, आणि माझ्या तोंडून चकार शब्द नाही.

“अहो काका, गेलाय हा. उगाच का ताणताय?” मालकीणबाई म्हणाल्या.

“गेला नाही हो, गप्प आहे. थांबा जरा. कपाटातल्या बाईनं अजून श्वास घेतला नाही.”

भंगारवाल्याने तार पक्कडीत धरली. मी भीतीने अर्धमेला झालो. माझ्या फाटक्या कागदातून तो बारीक श्वास निघेल ना?

निघाला. घोगरा, चिरका, अगदी कानाजवळ. मालकीणबाई “आई गं!” म्हणत काकांच्या मागे दडल्या. भंगारवाला पहिल्या रांगेत मटकन बसला.

“झाली चाचणी. बंद करतो,” काका म्हणाले.

“नका हो,” भंगारवाला कुजबुजला. “कपाट उघडू तर द्या.”

मित्रांनो, पक्कड अजून त्याच्या हातातच आहे. म्हणून एवढेच मागतो: कुणी गप्प झाले, की लगेच मेले म्हणू नका. जरा कान देऊन थांबा.