डावखुरी धार

दुष्काळ पडला की आमच्या पाटोद्याकडे एकाच धंद्याला बरकत येते, कोयत्यांच्या. रानं पडीक, म्हणून सगळं गाव ऊसतोडीला निघतं. आमची सहकारी संस्था कोयते बनवते. मी तिचा सचिव. म्हणजे चेअरमन विठ्ठलराव बोलतील ते लिहून घेणारा.

यंदा विठ्ठलरावांनी पुण्याहून धार लावणारा रोबो आणला. नुसताच एक लांब हात. तो कोयता धरतो आणि फिरत्या पट्ट्यावर घासतो. उद्घाटनाला त्याला हार घातला. त्याच पट्ट्यावर अकरा वर्षं राबलेल्या सटवाच्या गळ्यात कुणी हार घातल्याचं मला आठवत नाही. सटवाला धास्ती एकच होती. हे काम गेलं तर बायकोला, केशरबाईला घेऊन पुन्हा उसाच्या फडात जावं लागणार, आणि तिचे गुडघे तर कधीच कामातून गेलेले.

गंमत अशी, की रोबोला शिकवायचं होतं सटवानंच. इंजिनिअर म्हणाला, याचा हात धरून एक कोयता घासून दाखवा, पुढं तो तसाच घासत राहील. फक्त तुमचा हात बसलेला कोयता आणा. सटवानं घरून केशरबाईचा आणला. दर दसऱ्याला पूजेआधी तो त्याला जीव लावून धार लावायचा.

चार दिवसांत रोबोनं तीनशे कोयते लखलखीत करून दिले. टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी कुणीतरी कडब्यावर घाव घालून पाहिला आणि पातं सटकून पायाकडे आलं. कोयत्याची धार एकाच अंगानं घासतात, आणि केशरबाई डावखुरी. तीनशेच्या तीनशे कोयते डावखुरे झाले होते.

"मशीन चुकत नसतंय सटवा," विठ्ठलराव म्हणाले. "चुकला तू."

"माझा हात हिच्याच कोयत्यावर बसलाय, साहेब. मला काय ठावं, ते इतकं ऐकतंय म्हनून."

टोळ्या तीन दिवस खोळंबल्या. सटवानं सगळे कोयते हातानं पुन्हा घासले. मुकादम मात्र शिव्या मलाच देत होते.

रोबोला पुन्हा शिकवायची वेळ आली तेव्हा मी सटवाला बाजूला घेतलं. म्हटलं, जरा हात हलू दे, थोडी खोट राहू दे, तुझी जागा टिकेल.

"आन् लोकांचे पाय तोडू का, भाऊसाहेब?"

त्यानं उजवी, डावी, दोन्ही धारा शिकवल्या. दिवसभर, मन लावून. मला त्याचा इतका राग आला की मी जेवलो नाही.

पुढच्या सभेत सटवाच्या अभिनंदनाचा ठराव झाला. त्याच्या खालच्या ठरावानं त्याला कामावरून कमी केलं. दोन्ही माझ्याच अक्षरात आहेत.

शेवटच्या टोळीच्या ट्रॉलीत त्यानं केशरबाईला उचलून चढवलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, तसं मुकादमानं नाव टिपलं. काही बोलायचं म्हणून मी विचारलं, धार कशी लागलीय?

सटवानं हातातल्या कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "लई भारी," तो म्हणाला. "माझ्याहून बरी लावतंय आता."

त्यानं हे अभिमानानं सांगितलं, आणि मला केशरबाईकडे बघवेना.