चोरीचं पथ्य

“साखर संपलीय का घरातली?”

नवऱ्यानं कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. गेले दोन-तीन महिने याच प्रश्नाला ती भीत होती, आणि तो आला तोही सकाळी सकाळी, गणवेशाची बटणं लावता लावता.

“आहे की. घातलीय नेहमीसारखी.”

“मग चहा असा पाणचट का?”

“तुमच्याच तोंडाची चव गेली असेल. रात्रभर कूस बदलत होतात.”

थाप इतकी सहज निघाली की तिचं तिलाच नवल वाटलं. शर्टाचं वरचं बटण त्याच्या बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होतं. परवाच्या तपासणीचं टेन्शन, तिनं मनाशी म्हटलं, आणि पुढे होऊन बटण लावून दिलं. मानेला हात लागला तर घाम.

शहराची बस चालवता चालवता या माणसाचे केस पिकले होते, पण गाडीला कधी ओरखडा पडला नव्हता. मोडक्या आरशाची गाडी दिली तर डेपोतून हलायचा नाही. आणि याच माणसाला गेल्या वर्षी डेपोच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या तपासणीत रक्तातली साखर एवढीच निघाली तर स्टिअरिंग सोडावं लागेल, स्टोअरमध्ये बसावं लागेल.

“स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट वाटू?” घरी येऊन तो गरजला होता. “त्यापेक्षा भंगारात घाला मला.”

तपासणी जवळ येऊ लागली तशी तिनं आधी सरळ मार्गानं जाऊन पाहिलं. उकडलेल्या भाज्यांचं ताट समोर ठेवलं. त्यानं ते असं ढकललं की वाटी लवंडली. “मी काय दवाखान्यात भरती झालोय?” असं म्हणून तरातरा गेला आणि डेपोच्या कोपऱ्यावर क्रीमचा केक हाणून आला. ओठाच्या कडेला क्रीम तसंच होतं, आणि वर म्हणतो कसा, “फिरून आलो जरा.”

त्या दिवसापासून तिनं चोरवाट धरली. चहातली साखर चिमटीचिमटीनं कमी केली. पांढरा ब्रेड बंद करून कोंड्याचा आणला आणि खुशाल सांगितलं की बेकरीवाल्यानं पीठ बदललंय. भातात फ्लॉवर किसून मिसळला. तळायचं ते ओव्हनमध्ये भाजू लागली, सूपमधल्या सायीच्या जागी दही आलं, डब्यातल्या वेफर्सच्या जागी भाजलेले दाणे आले. केक तर तिनं पिकलेली केळी आणि ओट्स घालून केला, साखर नावापुरती. तो खाऊन बोटं चाटत म्हणाला, “आत्ता कुठे तुझा हात बसला.” तिला हसूही आलं आणि लाजही वाटली. कमरेचा पट्टा आतल्या भोकावर गेला तेव्हा त्यानं चामडं सैल झालं म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. तिनंही त्याच्या सुरात सूर मिसळला.

हल्ली मात्र तो जेवणाआधी चिडचिड करायचा. मध्येच गप्प व्हायचा. तिला शंका यायची, पण विचारणार कुठल्या तोंडानं? डायबेटिसच्या गोळ्या घेता का वेळेवर, एवढंसुद्धा विचारायची सोय नव्हती. तपासणी परवावर आली होती, आता हात सैल सोडून कसं चालेल, असा विचार करून तिनं त्या दिवशीच्या डब्यातून ब्रेडही काढून टाकला. उकडलेली अंडी आणि काकडी-टोमॅटो. डबा हातात देताना तो हलका लागेल की काय याचीच तिला धास्ती होती.

दुपारी फोन आला. त्याच्या गाडीचा कंडक्टर होता.

“वहिनी, घाबरू नका हं.”

असं कुणी म्हणालं की माणसाचं काय होतं ते सांगायला नको. ती मशीनवर शिवत होती. कापड सुईखाली तसंच राहिलं.

“दादांनी पुलावर गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला, सगळ्यांना खाली उतरवलं, आणि मग पायरीवरच बसले. घामानं निथळत होते. बोलणं बरळल्यासारखं. डेपोच्या दवाखान्यात आणलंय. शुद्धीवर आहेत, पण तुम्ही या.”

दवाखान्यात तो खाटेवर पडला होता, हाताला सलाइन. गणवेश छातीला चिकटलेला. तिला पाहून त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. कंडक्टर खिडकीपाशी टोपी कुरवाळत उभा होता.

“साखर फार खाली गेली होती,” डॉक्टर म्हणाले. वयानं तरुण, पण आवाज शांत. “हे म्हणतात, जेवण नेहमीचं, गोळी नेहमीची. मग असं व्हायचं कारण काय? कारण सापडलं नाही तर मला लिहावं लागेल की यांना कधीही, कुठेही असं होऊ शकतं.”

म्हणजे गाडी कायमची गेली. तिला लख्ख कळलं. आणि कारण तर तिच्यापाशीच होतं. सांगावं तर नवऱ्याच्या, परक्या माणसांच्या देखत आपली लबाडी उघडी पडणार. न सांगावं तर त्याच्या हातातून स्टिअरिंग आपणच काढून घेतल्यासारखं.

“जेवण नेहमीचं नव्हतं,” ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगून टाकलं. चहा, ब्रेड, भात, सूप, आजचा डबा. बोलता बोलता आवाज चिरका झाला. खाटेवरची मान हळूहळू तिच्याकडे वळली.

“केकसुद्धा?”

“केकसुद्धा.”

डॉक्टरांनी मान हलवली. “पण बाई, नुसत्या एवढ्यानं साखर इतकी खाली येत नाही. अजून काहीतरी आहे.”

कंडक्टरनं टोपी घातली, परत काढली.

“दोन घेत होतो मी,” नवरा छताकडे बघत म्हणाला. “गोळ्या. एकाच्या जागी दोन. महिनाभर.”

“कुणी सांगितलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुणी नाही. माझं मीच.”

कंडक्टर खिडकीबाहेर बघू लागला, आणि नवऱ्याला हे कुणी सांगितलं होतं ते तिला कळलं. पण तिला नवऱ्याचा राग येईना. ती स्वतः कुठे वेगळी वागली होती? एकाच घरात, एकाच ओट्याशी दोघं एकमेकांना ताकास तूर लागू न देता एकाच गोष्टीसाठी धडपडत होते.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. “जेवण चांगलंच केलंत तुम्ही. तेच चालू ठेवा, फक्त ब्रेड काढू नका. मला तेव्हाच सांगितलं असतं तर मी यांची गोळी निम्मी केली असती. कुणास ठाऊक, बंदही केली असती.”

हे ऐकून तिला रडू आवरेना. त्यांनी रागावायला हवं होतं, ते परवडलं असतं.

“कारण तर कळलं,” डॉक्टर पुढे म्हणाले. “गोळ्यांचा घोळ झाला असं लिहितो. महिनाभर आराम, परत तपासू, मग गाडीचं बघू.”

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात तो उठून बसला.

“साहेब, अजून एक लिहा.”

“दादा, जाऊ द्या ना,” कंडक्टर घाईनं म्हणाला.

“पुलाच्या अलीकडे सिग्नल होता. तो लाल होता की हिरवा, मला आठवत नाही. गाडी त्याच्यातून आणली मी. भरलेली गाडी. कसं आणलं, ते आठवतच नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे लिहिलं तर पुन्हा प्रवाशांची गाडी मिळणार नाही. हे कुणी विचारलेलं नाही तुम्हाला.”

“माहितेय. लिहा.”

तिनं त्याचा दंड धरला. म्हणावंसं वाटलं, अहो, गप्प बसा, एकदा तरी गप्प बसा. पण त्याचा चेहरा पाहून तिला ते बोलता आलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं.

संध्याकाळी सलाइन संपल्यावर दोघं त्याच्या डब्याची पिशवी घेऊन बाहेर पडले. थांब्यावर पोचल्यावर तो म्हणाला,

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं. तुम्ही ताट ढकललंत.”

तो बस येतेय का ते बघू लागला.

“आणि तुम्ही? तुम्ही नव्हतं सांगायचं?”

“तू चिडली असतीस.”

“चिडले असते. मग काय झालं असतं?”

बस आली. त्याच्याच मार्गाची, ड्रायव्हर नवा. त्यानं आदरानं हात केला, “या काका, पुढे बसा.” पण हा मागे गेला आणि खिडकीची जागा तिला देऊन कडेला बसला. प्रवासी म्हणून या गाडीत तो कधी बसला होता, तिला आठवेना.

गाडी सुटली. तो समोरच्या सीटची पाठ बघत स्वस्थ बसला होता. वळण आलं, गाडीचा वेग उतरला, आणि तिला पायाशी कसलीतरी हालचाल जाणवली. तिनं खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय बुटासकट पुढे सरकत होता आणि प्रत्येक थांब्याच्या जरा आधी गाडीच्या तळावर हळूच दाबला जात होता. मग गाडी थांबायची. त्याला त्याचा पत्ता नव्हता.

तिनं दोघांच्या पायांत ठेवलेली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली, त्याच्या पायाला जागा व्हावी म्हणून.