डंपरच्या नळीवरचा चिमटा

मी एक जुना, दाब मोजणारा चिमटा आहे. कपडे वाळत घालायच्या चिमट्याला पोलादाचे अंग आणि पाठीवर आकडे दाखवणारी काच दिली, तर तो माझ्यासारखा दिसेल. मित्रांनो, नळीत तेल दाबाने भरले की नळी किंचित फुगते. डोळ्यांना ते फुगणे दिसत नाही, मला मात्र जाणवते. म्हणून नळीला भोक पाडायला नको की नट सोडायला नको. मी बाहेरून घट्ट धरून राहतो आणि आत काय चालले आहे ते सांगतो. अट एकच. नळीत दाब नसताना मला लावायचे. मग पुढे तो किती चढला, किती उतरला, हे माझ्याकडून चुकत नाही.

पुण्याच्या एका लहान कारखान्यात माझे जबडे घासले गेले, तेव्हा ठिणग्यांचा पाऊस पडत होता. मला भट्टीत लाल केले, तेलात बुडवले, पुन्हा तापवले. तिथून मी भिवंडीजवळच्या दापोड्याला आलो, करिष्माच्या गॅरेजमध्ये. तिचे वडील बाळाराम क्रेन आणि डंपरचे जॅक दुरुस्त करायचे. डिप्लोमा झाल्यावर करिष्माने तेच काम हाती घेतले. मला पहिल्यांदा पाहून बाळाराम हसले होते. "नली न खोलता दाब कलतो? जादू हाय का काय?" महिन्याभराने तेच गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आमच्या पोरीकडं चिमटा हाय, डाक्टरच जणू!" माझे ते दिवस फार सुखाचे होते.

एका दुपारी एका गोदामाच्या आवारात डंपर उभा होता. त्याचा हौदा वर केला की हळूहळू खाली बसायचा. हौदा खाली असतानाच करिष्माने मला हौदा उचलणाऱ्या जॅकच्या लोखंडी नळीवर लावले. मग प्रितेशने, म्हणजे ड्रायव्हरने, हौदा उचलला. माझ्या काचेवर आकडा उमटला, एकशे दहा. करिष्मा वहीत लिहून घेत होती. हौद्याखाली जाण्याआधी लाकडी टेकण लावायचे असते. ते आणायला एक हमाल गेला होता.

तेवढ्यात भरत हौद्याखाली शिरला. अंबाडीकडच्या पाड्यावरचा हा तरुण तिथे हमाली करायचा. हौदा आणि चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यांच्या मध्ये त्याला चिखल अडकलेला दिसला, तो काढायला त्याने हात घातला. प्रितेशला तो दिसला नाही. टेकण येईपर्यंत हौदा खाली घ्यावा म्हणून त्याने लिव्हर ओढला. हौदा खाली आला, भरतचा दंड चॅसीवर चिरडला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. करिष्मा किंचाळली. प्रितेशने लिव्हर सोडला, पण घाबरून इंजिनही बंद केले.

तो लगेच पुन्हा चावीकडे वळला. त्याला हौदा उचलायचा होता. पण खाली कुणीतरी ओरडले, "परत दाबतोय! मारा त्याला!" आणि हमालांनी त्याला दारातून खाली खेचले. पहिला ठोसा भरतच्या मोठ्या भावाने, चंद्राने मारला. मग लाथा, पट्टे, लोखंडी सळी. प्रितेशचे डोके जमिनीवर आपटले, ओठ फाटला, शर्ट रक्ताने भिजला. तो काहीतरी सांगत होता. कुणी ऐकले नाही.

चंद्रा पाना घेऊन नळीकडे धावला. "जॅक अडकलाय! नट सोडा, तेल जाईल, मग हौदा हातानं वर ढकलू!"

"चंद्रादादा, नको!" करिष्मा आडवी आली. "तेलावरच हौदा उभा हाय!"

"केबिनमधला काटा शून्यावर हाय! दाब न्हाय आत!"

"तो काटा पंपाचा. इंजिन बंद म्हणून शून्य. इथं बघ, एकशे दहा!"

चंद्राने तिला ढकलले. ती चाकावर आदळली, तिच्या कपाळातून रक्त आले. चंद्राने नट फिरवला. मित्रांनो, मी त्या नळीवरच होतो. तेल सुईसारख्या धारेने बाहेर आले आणि चंद्राच्या तळहातात घुसले. त्याने हात झटकला. माझा आकडा घसरू लागला. एकशे आठ. एकशे चार. हौदा बोटभर खाली बसला आणि भरत असा ओरडला की बाहेरची मारामारी क्षणभर थांबली.

करिष्माने जाड हातमोजा घातला, बाजूला उभे राहून लांब पान्याने नट आवळला. मग चंद्राची मान धरून तिने त्याचे तोंड माझ्या काचेजवळ आणले. "बघ! हा आकडा उतरला की हौदा उतरतो. शून्यावर आला की तुझा भाऊ संपला. वर न्यायचा तर इंजिन पायजे. गाडी चालवणारा प्रितेशच हाय."

चंद्राने काचेकडे पाहिले, भावाकडे पाहिले. मग तो गर्दीत घुसला. ज्यांना त्यानेच पेटवले होते, त्यांना आता तो धक्के मारून बाजूला करत होता. दोघे बाजूला झाले नाहीत, तेव्हा त्याने त्यांच्या काठ्या स्वतःच्या पाठीवर घेतल्या. प्रितेशला त्याने उचलले. "भाई, माफ कर. हौदा उचल. तुझे पाय धरतो."

प्रितेशचा एक डोळा बंद झाला होता. दोघांनी धरून त्याला सीटवर बसवले. त्याने चावी फिरवली. करिष्मा माझा आकडा ओरडून सांगत होती. "एकशे दहा... एकशे वीस... हळू... थांब!" हौदा वीतभर वर गेला. भरतला बाहेर ओढले. घाईत माझ्यावर कुणाचा तरी बूट पडला आणि मी दगडावर आपटलो.

दवाखान्यात सगळ्यांचे लक्ष भरतकडे होते. करिष्मा चंद्राला म्हणाली, "तुझा हातपण दाखव. आत्ताच." तळहातावर टाचणी टोचल्याएवढाच ठिपका होता. "एवढ्याशाला काय दाखवायचं?" असे म्हणून तो भावाच्या उशाशी बसला. दुसऱ्या दिवशी आत शिरलेल्या तेलाने हात काळानिळा सुजला. डॉक्टरांना दोन बोटे कापावी लागली. भरतचा हात वाचला, पण वाकडा जुळला.

माझी काच तडकली, जबडा वाकला. करिष्माने मला दुरुस्तीला दिले, पण आकडा आता कधी खरा येतो, कधी नाही. नवा चिमटा आला आणि मी तिच्या पिशवीच्या तळाशी गेलो. महिन्याभराने त्याच पिशवीतून मी प्रितेशच्या घरी गेलो. चंद्रा तिच्या स्कूटरवर मागे बसला होता.

प्रितेशची आई, जानकीबाई, दारातच उभी राहिली. "माज्या पोराला महिनाभर चमच्यानं भरवलंय मी. परत जा तू."

चंद्रा मागे फिरला नाही. उन्हात तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने आतून प्रितेशचा आवाज आला, "आये, त्याला इचार, हात कसा हाय त्याचा."

जानकीबाई रडू लागल्या. पण दारातून बाजूला झाल्या.

मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. माझे एवढेच सांगणे आहे. इंजिन बंद दिसले म्हणून नळीला हात लावू नका. टेकण लावल्याशिवाय हौद्याखाली जाऊ नका. टाचणीएवढी जखम झाली तरी त्याच क्षणी डॉक्टरकडे जा. आणि कुणावर हात उचललाच असेल, तर तो काय सांगतोय तेवढे आधी ऐका. त्या दुपारी प्रितेश सारखे एकच सांगत होता, "उचलतो, मला उचलू द्या."