जाळीच्या पडद्यामागचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. आयुष्यभर लोकांना बसवले, पण मला स्वतःला कधी स्वस्थ बसता आले नाही. माझा चौथा पाय बाकीच्या तिघांपेक्षा नखभर आखूड आहे. त्यामुळे कोणी हलले की मी हलतो, आणि कोणी हलले नाही तरी आत माझी चुळबुळ चालूच असते.

एका दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यांमधून मी जन्मलो. मला घडवणारा सुतार मोठा बोलका होता. रंधा मारता मारता तो म्हणे, "दाराचं लाकूड आहेस लेका. माणसाला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, ते तुझ्या रक्तातच आहे." पाय आखूड झाल्याचे त्याच्या लक्षात आले होते. पण "चालतंय, कोण मोजायला बसलंय," असे म्हणून त्याने मला तपकिरी रंग दिला आणि माझी रवानगी पडद्यांच्या एका दुकानात झाली.

तेथे माझे दिवस मजेत सुरू झाले. चार दुकाने हिंडून आलेले गिऱ्हाईक माझ्यावर टेकले की "हुश्श" करत असे. त्या हुश्शमध्ये दोन पडदे जास्त खपतात, असे मालक म्हणत. मला वाटे, आपल्याइतके उपयोगी या दुकानात कोणी नाही.

हळूहळू माझ्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. माझ्यावर बसणारे बदलत होते, पण माझ्याशेजारी उभे राहणारे पाय रोज तेच होते. दुकानात सात विक्रेत्या होत्या आणि एक नियम होता. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत विक्रेतीने बसायचे नाही. गिऱ्हाईक असो वा नसो. मालक गल्ल्यामागच्या गादीच्या खुर्चीत रेलून सांगत, "विकणारी बसली की धंदा बसला!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत. विक्रेत्याही हसत. उभ्या उभ्या हसत.

सगळ्यांत जुन्या होत्या मोठ्या ताई. खिडकीचे माप विसरून आलेल्या गिऱ्हाइकाला त्या दोन्ही हात पसरायला लावत, "एवढी?" असे विचारत आणि नेमके तेवढे कापड काढत. त्यांचा अंदाज बोटभरही चुकत नसे. मात्र मी असतो तिथून मला त्यांचे हात दिसत नसत, पाय दिसत. संध्याकाळपर्यंत घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर येत. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी उठल्या होत्या. त्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत, पुन्हा पहिल्यावर घेत. माझ्यासारख्याच डुगडुगत होत्या म्हणा ना.

एकदा एक भारदस्त गृहस्थ माझ्यावर बसताना कलंडले. पडले नाहीत, पण त्यांचा मान पडला. मालकांनी मला समोरून उचलून माळ्याखालच्या अडगळीत टाकले. कौतुक किती सहज संपते, हे मी त्या दिवशी शिकलो.

मला तेथून बाहेर काढले चिमणीने. ही त्या सातजणींतलीच एक, वजनाने मात्र मुळीच चिमणी नव्हती. तोंडाचा चिवचिवाट थांबत नसे, म्हणून ते नाव. ती मोठ्या ताईंना म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांगा. मला गुंडाळू नका."

"काय म्हणणार? तासाला पाच मिनिटं बसा म्हणाले. नाहीतर वर्षभरात उभंच राहता येणार नाही."

"मग?"

"मग काय? बसले तर मालक काढणार, नाही बसले तर पाय काढणार. पोरीची कॉलेजची दोन वर्षं राहिलीत ग अजून."

दुकानाच्या एका भिंतीवर खिडकीची नुसतीच चौकट ठोकलेली होती. पलीकडे ना उजेड, ना वारा. पडदा टांगल्यावर कसा पडतो, हे गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती ती खिडकी. चौकटीमागे हातभर खोल कोनाडा होता. चिमणीने मला तिथे सरकवले, समोर जाड पडदा सोडला आणि म्हणाली, "घ्या, तुमची केबिन."

त्या दिवसापासून "मी खिडकीत जाऊन येते" असे एकीने म्हटले की बाकीच्या सहाजणी तिचे गिऱ्हाईक सांभाळत. मालकांना वाटे, बायका पडद्यांच्या चुण्या नीट करताहेत. मोठ्या ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी डुगडुगलो. त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा फाडला, त्याची चौघडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली सारली. उठताना ती घडी काढून आपल्या पर्समध्ये ठेवली. हे त्या दर वेळी करत. "इथे पडली तर झाडणारा नेईल," असे म्हणत. पण त्या पाच मिनिटांतही त्यांचे कान बाहेर असत. पाऊल वाजले की त्या अर्ध्या उठत. असे बसणे ज्याने अंगावर वागवले आहे, त्यालाच त्याचा शीण कळेल.

सात महिने निभावले. मग एका भर दुपारी घोटाळा झाला. एका गिऱ्हाइकासाठी चिमणीने चौकटीवरचा जाड पडदा उतरवून जाळीचा पडदा लावला होता. मोठ्या ताई सकाळपासून एकदाही आत आल्या नव्हत्या. ठणका इतका होता की त्यांनी पडद्याकडे पाहिलेच नाही. आत आल्या, चपला काढल्या, माझ्यावर बसल्या आणि भिंतीला डोके टेकून डोळे मिटले.

त्या आडोशाला होत्या असे एकट्या त्यांनाच वाटत होते. जाळीतून सगळे दुकान त्यांना पाहत होते. सुजलेली अनवाणी पावले, निळ्या गाठी, किंचित उघडे पडलेले तोंड. मी जिवाच्या आकांताने डुगडुगायला पाहत होतो, पण खाली पुठ्ठ्याची घडी होती. एरवी न मिळणारा माझा तोल नेमका त्या दिवशी पक्का होता.

मालक चौकटीसमोर आले. "मोठ्या ताई, बसायचंच असेल तर घरी बसा ना."

त्या दचकून उभ्या राहिल्या, चपला हातातच. "चुकले मालक."

"हे स्टूल पुन्हा दुकानात दिसलं, तर त्याच्यासोबत तुम्हीही बाहेर."

मला मागच्या अंगणात फेकण्यात आले. संध्याकाळी घरी निघताना मोठ्या ताई तिकडे आल्या, तर मागोमाग सहाहीजणी. चिमणीचे डोळे लाल होते. "जाळी मीच लावली. जीभ झडली होती का माझी? सांगायला नको होतं?"

"तुझी काय चूक? बसायला लपावं लागतं, तिथंच चूक झाली."

चिमणीने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "मग लपायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकीने घरून काहीतरी आणले. एकीने मुलाची रंग उडालेली खुर्ची, एकीने पालथी बादली, एकीने पत्र्याची पेटी. मोठ्या ताईंनी अंगणातून मला उचलले. काउंटरमागे सात बैठका ओळीने मांडल्या गेल्या, आणि प्रत्येक बैठकीशेजारी एकेक विक्रेती उभी राहिली. बसली कोणीच नाही.

मालक लाल झाले. "हा काय तमाशा आहे?"

"कुठं काय मालक?" चिमणी म्हणाली. "आम्ही तर उभ्याच आहोत."

"ते स्टूल!"

"मला काढायचं तर काढा," मोठ्या ताई म्हणाल्या. त्यांनी माझी कड किती घट्ट धरली होती, हे फक्त मला ठाऊक. "पण मग सातहीजणींना काढा. असं ठरलंय आमचं."

दार उघडले, गिऱ्हाइके आत आली. मालकांना चारचौघांत ओरडता येईना. येणारा प्रत्येक जण एकच विचारू लागला, तुम्ही बसत का नाही? काठी टेकत आलेल्या एक आजी तर गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसायलाच तयार होईनात.

"इतक्या जागा रिकाम्या, मग तुम्ही उभ्या का ग पोरींनो?"

"नियम आहे, आजी."

"कुणाचा?"

सातहीजणींनी गल्ल्याकडे पाहिले. आजींनीही पाहिले. मालक घाईघाईने खुर्चीतून उठले, आणि एकदा उठल्यावर त्यांना त्या सगळ्यांदेखत परत बसवेना. दुपार होईपर्यंत तेही एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेऊ लागले.

असे तीन दिवस चालले. तिसऱ्या संध्याकाळी कुलूप लावताना ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसत जा. पण पाय पसरायचे नाहीत."

मित्रांनो, यापुढे सगळे गोड झाले असे मला सांगता आले असते. पाय वाचले, नोकरी वाचली, मुलीचे शिक्षण पुरे झाले, हे खरे. पण मोठ्या ताईंना बसणे काही जमले नाही. परवानगी मिळाली तरी पाऊल वाजले की त्या उठायच्याच. निवृत्त झाल्या तेव्हा सहाजणींनी मला त्यांच्या घरी पोहोचवले. तिथे त्या पाहुण्यांना माझ्यावर बसवत आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्याने जेवत. मुलगी म्हणे, "आई, बस ना ग." त्या म्हणत, "बसते ग. तू आधी बस." नियम दुकानातून गेला, पण त्यांच्या गुडघ्यांतून गेला नाही.

या वर्षी त्या गेल्या. मुलीने मला आपल्या घरी आणले. आईची पर्स रिकामी करताना तिला पुठ्ठ्याची एक मळकी चौघडी सापडली. काही लिहिले असेल म्हणून तिने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. काही नव्हते. तिने ती पुन्हा पर्समध्ये ठेवली. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण लाकडाला तोंड नसते.

स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा चढला. त्या घरी भांडी घासायला एक मावशी येतात. काम झाले की मुलगी त्यांना चहा देते, आणि दाराशी उभ्या राहून मावशी तो पितात. मी रोज पाहत होतो. कप चांगला होता, चहाही आपुलकीचा होता. पण चौकट तीच होती आणि पायही तसेच. मोठ्या ताईंच्या पोटची मुलगी, आणि तिलाही दिसू नये? मी आतल्या आत तळमळत होतो.

गेल्या आठवड्यात मावशींनी चहा पिता पिता एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मुलीचा कप ओठांपाशीच थांबला. ती कितीतरी वेळ त्या पायांकडे बघत राहिली. मग तिने वर्तमानपत्रे खाली ठेवली आणि मला पुढे ओढले.

"बसा, मावशी."

"नको ताई, उभीच बरी आहे मी."

मुलीचा चेहरा उतरला. ते बोलणे तिच्या ओळखीचे होते. ती म्हणाली, "माझी आईसुद्धा असंच म्हणायची. मी तिचं ऐकत राहिले. बसा."

मावशी माझ्या काठावर, अर्ध्याच, टेकल्या. मी सवयीप्रमाणे डुगडुगलो आणि त्या घाबरून उठू लागल्या. "थांबा," असे म्हणत मुलगी खाली वाकली, माझ्या आखूड पायाकडे पाहिले आणि तशीच थबकली. मग आत जाऊन तिने पर्स आणली. ती मळकी घडी तिने पायाखाली सारली. अगदी बरोबर बसली. मुलगी उठली नाही. माझ्या पायाशी, फरशीवरच बसून तिने आपला चहा संपवला.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कुठल्याही घरात, दुकानात, कचेरीत गेलात की बसण्याआधी एकदा बघा, कोण उभे आहे. मग विचारा, का? आणि उत्तर म्हणून "नियम आहे" असे आले, तर त्या आजींसारखे "कुणाचा?" हेही विचारा.

मावशी आता रोज बसतात. पण अजून अर्ध्याच.