ग्लेनिसची वीस मिनिटं

आपण मोटरसायकल शिकतोय हे ग्लेनिसने नवऱ्याला, ट्रेव्हरला, सांगितलं, तेव्हा ती शिकून झालेली होती. परवाना हातात पडल्यावर तिने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "गुरुवारी मी पोहायला जात नव्हते."

ट्रेव्हरने परवाना उलटसुलट करून पाहिला. मग तो बराच वेळ खिडकीतून मागच्या शेडकडे पाहत राहिला. शेडमध्ये त्याची सहाशे सीसीची निळी जपानी मोटरसायकल चादरीखाली उभी होती. दोन वर्षांत त्याने ती चादर काढली नव्हती. इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या बस डेपोत पस्तीस वर्षं इंजिनं उघडण्यात गेलेल्या या माणसाला अर्धांगवायूचा हलकासा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण डाव्या हाताची पकड काही परत आली नाही. शर्टाचं बटण लावता यायचं नाही, मग क्लच दाबणं तर लांबच. डॉक्टरांनी 'आता मोटरसायकल नाही' म्हटलं, त्याच संध्याकाळी त्याने तिच्यावर चादर घातली होती.

त्याआधीची वीस वर्षं मात्र तो वसंत आला की ट्रॅकवर जायचा. शर्यतीसाठी नव्हे. शर्यतींचे ट्रॅक अधूनमधून एक दिवस सगळ्यांना मोकळे असतात. आपली मोटरसायकल घेऊन जायचं, गटागटाने वीस-वीस मिनिटं हवी तशी पळवायची आणि संध्याकाळी घरी यायचं. वर्षातून पाच-सहा दिवस. दर वेळी ग्लेनिस सोबत असायची, थर्मास आणि सँडविचचा डबा घेऊन. शाळेत मुलांना जेवण वाढायची तिची नोकरी. त्या दिवसांसाठी ती रजा टाकायची.

आणि आता, सत्तावन्नाव्या वर्षी, तिने थॉरबीच्या ट्रॅकवर स्वतःचं नाव नोंदवलं होतं. नवशिक्यांच्या गटात, त्याच निळ्या मोटरसायकलवर, एप्रिलातल्या एका मंगळवारी.

मंगळवारी पहाटेपासून पाऊस लागला होता. वारा नाही, गडगडाट नाही, नुसता एकसुरी, घाई नसलेला पाऊस. थॉरबीला पोचेपर्यंत टेकड्या दिसेनाशा झाल्या होत्या. सकाळच्या सूचना संपल्या तसे निम्मे लोक मोटरसायकली व्हॅनमध्ये चढवून घरी निघाले. ट्रेव्हर त्यांच्याकडे आशेने पाहत होता. ग्लेनिस 'आपणही जाऊ या' म्हणेल, तर तो एका पायावर तयार होता. पण स्वतःहून तसं म्हणायची त्याला सोय नव्हती. पावसाचा दिवस म्हणजे सोन्याचा दिवस, ट्रॅक रिकामा मिळतो, हात हलका होतो, खरं शिकायला पावसातच मिळतं, हे भाषण त्यानेच वीस वर्षं भेटेल त्याला ऐकवलं होतं. ग्लेनिसने ते शंभर वेळा ऐकलेलं होतं.

"हात हलका होतो ना?" हेल्मेटचा पट्टा लावता लावता तिने विचारलं.

"होतो," ट्रेव्हर म्हणाला.

नवशिक्यांना घेऊन जाणारा रोरी नावाचा एक लांबट, शांत पोरगा होता. त्याने सगळ्यांना गोळा करून नीट समजावलं. कडेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर चाक न्यायचं नाही, रंग ओला झाला की बर्फासारखा होतो. कोरड्या दिवसात सगळे ज्या रेषेने जातात तिथे टायरचं रबर घासून बसलेलं असतं. पावसात ती रेषा सोडून थोडं बाहेरून जायचं. ब्रेक लवकर आणि हळू. सगळं हळू. झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालतो तसं, तो म्हणाला, आणि ग्लेनिसने मान हलवली.

पहिल्या फेऱ्या ठीक झाल्या. ट्रॅकलगतच्या बुटक्या भिंतीमागे उभा राहून ट्रेव्हर प्रत्येक वेळी ती समोरून जाताना पाहत होता. चामड्याच्या सुटावर चढवलेल्या पिवळ्या रेनकोटमुळे ती लांबूनही ओळखू यायची. परत आली तेव्हा हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि तिचे दात थंडीने वाजत होते, पण डोळे चमकत होते. तिने नुसता चहा घेतला आणि कप दोन्ही हातांत धरून बसली.

ट्रॅकच्या कडेला मोटरसायकली ठेवायला गॅरेजांची रांग होती. त्यांच्या शेजारच्या गॅरेजात पॉलीन होती. तिचा नवरा डेनिस वेगवान गटात. पंधरा वर्षांची ओळख. पॉलीन खुर्ची भिंतीकडे वळवून, ट्रॅककडे पाठ करून विणत बसली होती. ग्लेनिस दुसऱ्यांदा ट्रॅकवर गेली तेव्हा ट्रेव्हर पॉलीनला म्हणाला की चल, भिंतीशी उभं राहू, छान दिसतं तिथून.

"मी नाही बघत रे," पॉलीन म्हणाली. "आम्हा बायकांत कुणीच बघायचं नाही. ग्लेनिस तर गाडीत रेडिओ लावून बसायची."

"ग्लेनिस?"

पॉलीनच्या सुया थांबल्या. आपण नको ते बोललो हे तिच्या ध्यानात आलं. मग ती घाईघाईने म्हणाली की म्हणजे कधीतरी, थंडी फार असली की.

ट्रेव्हर एकटाच भिंतीशी जाऊन उभा राहिला. वीस वर्षं, दर वेळी हेल्मेट काढता काढता तो एकच प्रश्न विचारायचा. टेकडीखालच्या वळणावर पाहिलंस का मला? आणि ती म्हणायची, पाहिलं, फार सुरेख घेतलंस. त्या 'सुरेख'वर तो पुढचा आठवडा काढायचा. आता पावसात उभं राहून त्याला आठवायला लागलं, की काय सुरेख होतं ते तिने कधीच सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

या विचारात तो असताना एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी रोरी आला, त्याच्यामागे एक लाल मोटरसायकल, एक काळी, आणखी दोन. पिवळा रेनकोट आला नाही.

आपली नजर चुकली असेल असं त्याने स्वतःला बजावलं. तेवढ्यात समोरच्या चौकीवरून लाल झेंडा हलू लागला. पाठोपाठ पुढच्या चौकीवरून, मग सगळीकडून. मोटरसायकली हळू होत एकेक करून आत परतल्या आणि ट्रॅकवर फक्त पावसाचा आवाज उरला. ट्रेव्हरने भिंतीची कड धरली होती. दोन्ही हातांनी धरली होती, पण डावा हात घसरत होता.

पॉलीन विणकाम तिथेच टाकून आली. तिने त्याच्या दंडाला धरलं. 

दहा मिनिटांनी पडलेली मोटरसायकल उचलून आणणारी गाडी आली. पुढच्या सीटवर, चालकाशेजारी, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत चिखलाने माखलेली ग्लेनिस बसली होती आणि चालकाला काहीतरी हातवारे करून सांगत होती.

टेकडीखालच्या वळणावर मागचं चाक सुटलं होतं. वेग जेमतेम, पडली ती ओल्या गवतात, डाव्या कुशीवर, आणि बरंच अंतर घसरत गेली. ट्रॅकवरच्या डॉक्टरीणबाईंनी तिची मान, मनगटं, बोटं तपासली, हेल्मेट फिरवून फिरवून पाहिलं. डोकं कुठे आपटलेलं नव्हतं. मार काही नाही, मोटरसायकल नीट झाली आणि इच्छा असली तर दुपारी पुन्हा जाऊ शकता, असं त्या म्हणाल्या. ट्रेव्हरला वाटलं की ही बाई एवढं शेवटचं वाक्य बोलली नसती तर बरं झालं असतं.

व्हॅनमध्ये त्याने हीटर लावला. ग्लेनिसच्या खांद्यावर घोंगडी टाकली. काचांवर वाफ धरली आणि बाहेरचं काही दिसेनासं झालं.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला.

ग्लेनिसने हातमोजे काढून हीटरसमोर ठेवले. "वीस वर्षांत मी असं एकदा तरी म्हटलं का तुला?"

"नाही."

"का नाही म्हटलं, माहितेय?"

"तू बघतच नव्हतीस म्हणून," ट्रेव्हर म्हणाला. "पॉलीन बोलून गेली."

ती जराशी ओशाळली. मग घोंगडी आवळून घेत म्हणाली, "पहिल्या वर्षी बघितलं होतं. एकदाच. तू आलास तेव्हा 'घरी चल' हेच ओठांवर आलं होतं. तुझा चेहरा बघितला आणि गिळलं. त्यानंतर ठरवलं, बघायचंच नाही. बघितलं असतं तर एक ना एक दिवस म्हणाले असते."

"आणि सुरेख घेतलंस म्हणायचीस."

"घेतलंच असशील की. तुझं तोंड सांगायचं."

ट्रेव्हरला हसू आलं, आणि लगेच डोळेही भरून आले. गेली दोन वर्षं त्याचं हे असंच व्हायचं. डॉक्टर म्हणाले होते की झटक्यानंतर होतं असं. त्याने ते पुसले नाहीत. जरा वेळाने त्याने विचारलं, की हे सगळं, ते गुरुवार, हा परवाना, हे त्याच्यासाठी केलं का. मोटरसायकल पडून राहू नये म्हणून.

"आधी तुझ्यासाठीच," ती म्हणाली. "तू शेडकडे बघेनासाच झालास, मला ते सहन होईना. म्हटलं, मी चालवीन आणि तुला मागे बसवीन. पण तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी तू माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतास, ट्रेव्हर. खरं सांगते. आता माझ्यासाठीच आहे." ती थांबली. "राग आला?"

राग आला नव्हता.  त्या ट्रॅकवर तोही तिला विसरायचा, अगदी पार विसरायचा, आणि परत आल्यावर थर्मास उघडताना ती पुन्हा दिसली की त्याला फार बरं वाटायचं. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्याने तिला तेवढंच सांगितलं.

 ग्लेनिसने त्याचा डावा हात उचलून हीटरसमोर, आपल्या हातमोज्यांशेजारी ठेवला.

"तू मात्र बघ," मग ती म्हणाली. "मला बघणारं माणूस हवंय. तो रोरी बरा आहे, पण त्याला सगळा गट सांभाळायचा आहे. मी का पडले ते तू सांग."

दुपारी त्यांनी मोटरसायकल दुरुस्त केली. क्लचची लिव्हर मोडली होती आणि गिअर लिव्हर आत वळली होती. ट्रेव्हरच्या पेटीत जादा लिव्हर होती, पण पाना उजव्या हातात धरला की मागचा नट धरायला डावा हात उपयोगाचा नाही. आणि ग्लेनिसची बोटं गारठून लाकडासारखी झालेली. चार हातांतले जेमतेम दोन कामाचे. नट तीनदा खाली पडला. तिसऱ्यांदा तो चिखलात शोधताना दोघं गुडघ्यांवर बसून एकमेकांवर तणतणत होते. "अगं, बोटाने नको, तळव्याने दाब." "तळव्यानेच दाबतेय, तूच वाकडा फिरवतोयस." शेवटी गिअर लिव्हर त्याने हातोडीने सरळ केली. ट्रॅकच्या तपासणीवाल्याने क्लच दाबून, ब्रेक ओढून पाहिलं आणि मान डोलावली.

शेवटची वीस मिनिटं उरली होती. नवशिक्यांत पाचच जण शिल्लक होते.

ट्रेव्हर भिंतीशी थांबला नाही. छत्री घेऊन तो कुंपणाच्या कडेने, ओल्या गवतातून चालत टेकडीखालच्या वळणापर्यंत गेला. पोचायला त्याला बराच वेळ लागला. पहिल्या वेळी ती आली तेव्हा त्याच्याही ओठांवर 'घरी चल' हेच आलं. त्याने नजर वळवली नाही. आणि पस्तीस वर्षं इंजिनांचे आवाज ऐकलेल्या कानाला चूक लगेच कळली. वळणाच्या मध्यावर ती घाबरून एकदम रेस सोडत होती. पुढच्या चाकाकडे बघत होती म्हणून घाबरत होती.

पुढच्या फेरीला तो छत्री मिटून अगदी कुंपणाला खेटून उभा राहिला आणि ती वळणावर येताच त्याने उजवा हात लांबवून वळणाच्या शेवटाकडे, पलीकडच्या मोठ्या ओकच्या झाडाकडे बोट दाखवलं. तिला काही कळलं नसावं. त्यानंतरच्या फेरीला त्याने पुन्हा दाखवलं. या वेळी पिवळ्या रेनकोटावरचं हेल्मेट हळूच वर उचललं गेलं आणि झाडाकडे वळलं. इंजिनाचा आवाज तुटला नाही. एकाच सुरात, पाण्याची बारीक रेघ मागे सोडत, ती वळणातून बाहेर पडली आणि टेकडी चढून दिसेनाशी झाली.

ट्रेव्हर भिजत उभा राहिला. नंतरच्या तिन्ही फेऱ्या त्याने डोळ्यांत साठवून घेतल्या. त्या वीस मिनिटांत ग्लेनिसला चौघांनी गाठून मागे टाकलं, आणि तिने कुणालाच गाठलं नाही.

तो धापा टाकत गॅरेजात पोचला तेव्हा ती हेल्मेटसकट त्याची वाट पाहत उभी होती. हेल्मेट काढायच्या आधीच ती बोलायला लागली, काच बंद असल्यामुळे काही ऐकू येत नव्हतं, आणि तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. काच उघडल्यावर त्याने तिला सांगितलं की दुसऱ्या फेरीनंतर रेस कशी धरून ठेवलीस, डावा खांदा कसा सैल सोडलास, शेवटच्या फेरीला ब्रेक किती आधी आणि किती मऊ लावलास. ती ऐकत राहिली. इतकं बारीक कुणीतरी आपल्याला पाहिलंय याची तिला सवय नव्हती.

मग सूट काढायचा प्रश्न आला. आतपर्यंत भिजलेलं चामडं अंगाला चिकटून बसलं होतं. सूट खांद्यांवरून कसाबसा उतरला आणि कोपरांशी अडकला. ट्रेव्हरने उजव्या हाताने बाही ओढली, ग्लेनिसने विरुद्ध बाजूला जोर केला. पॉलीन बघून गेली आणि मदतीला डेनिसला पाठवू का म्हणाली. दोघांनीही नको म्हटलं. बाही एकदम सुटली तशी ग्लेनिस टायरच्या ढिगावर बसली आणि ट्रेव्हर तिच्या पायांशी, रिकामी बाही हातात धरून. ती हसायला लागली. तिचं हसू थांबेना, त्याचंही थांबेना.

"आता पाय राहिले," ग्लेनिस म्हणाली.

ट्रेव्हरने बाही सोडली आणि तिचा उजवा बूट मांडीवर घेतला.