थांबण्याची ओळ

प्रथम लाकडी चाकाची करकर, मग खर्जातला एक संथ स्वर, आणि शेवटी थारोळ्याच्या दगडी कुंडात कोसळणाऱ्या पाण्याचा घोष. हसनमामा मला या क्रमाने आठवतात. चेहरा मागाहून येतो. मेंदीने तांबूस झालेली दाढी, उन्हाने आक्रसलेले डोळे, आणि चैत्राच्या धुळकट प्रकाशात विहिरीच्या काठाशी उभी असलेली ती उंच, किंचित वाकलेली आकृती.

भांडगावच्या शिवारात आम्हा दोघा शेजाऱ्यांची विहीर सामाईक होती. इंजिने अजून आली नव्हती. बैल उतरत्या धावेवरून खाली गेले की चामड्याची मोट भरून वर येई. ते उलट्या पावलांनी विहिरीकडे परतले की ती पुन्हा पाण्यात उतरे. बैल उतरताना ताणलेल्या नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, थेट काठाशी, मामा पाखरासारखे अलगद बसत. परतताना ते बैलांसमोर कासरा धरून चालत आणि गात. गाण्याच्या अखेरीस एक ओळ ठरलेली होती. मोट पाण्याला टेकल्याचा आवाज कानी आला की मामा ती म्हणत, आणि बैल जागच्या जागी थांबत. त्यांच्या बैलजोडीला दुसरी खूण ठाऊक नव्हती.

मी कधी गात नसे. माझे बैल मी नुसत्या हुंकाराने हाकी. मामा म्हणत, मुक्याच्या घरी नांदणाऱ्या जनावरांचे हाल कुत्रा खात नाही.

साठी उलटल्यावर त्यांच्या श्रवणात संध्याकाळ उतरू लागली. ती ऋतूसारखी आली, कोणाच्या ध्यानात न येता. आधी पाखरे गेली, मग बायकांचे बोलणे, मग मोटेचा पाण्याला होणारा स्पर्श. मामींनी लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडले. कान भाजला, ऐकू आले नाही. त्यातच भोवळ येऊ लागली. उभ्या माणसाभोवती सारे शिवार चाकासारखे फिरे आणि ते मिळेल त्या झाडाला मिठी मारीत.

मी त्यांना बैलगाडीने दौंडला डॉक्टरांकडे नेले. कानात तेल घालू नका, असे डॉक्टरांनी प्रथम बजावले. कानाच्या आत पाणी असते, देहाचा तोल त्याच्यावर असतो, असे ते समजावीत, आणि मी ते मामांच्या कानाशी ओरडून सांगे. गेलेले श्रवण परत येणार नव्हते. भोवळ आली की तिथेच खाली बसायचे, आणि विहिरीच्या काठी पाऊल टाकायचे नाही. परतीच्या वाटेवर आमची विहीर दिसू लागली तेव्हा मामांनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "व्हिरीचं पानी आटत चाललंय, आन् माझ्या कानात झरा लागला म्हन." आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी ते काठावर उभे होते. मोट हाकणे सोडणे म्हणजे त्यांना घरातली जागा सोडण्यासारखे वाटत असावे. मामी थारोळ्यावर बसू लागल्या. मोट टेकली की त्या हात उंच करीत. तो हात पाहून मामा आपली ओळ म्हणत. स्वतःचा स्वर त्यांना ऐकू येत नसे. सूर भरकटलेला असे, शब्द मात्र शाबूत होते. तोल सावरायला त्यांनी आणखी एक युक्ती काढली होती. ते कासरा मनगटाला गुंडाळून घेत. बैल जिथे जातील, तिथे तेही जाणार होते.

त्या उन्हाळ्यात मी शेजारच्या वाफ्यात काम केले ते कानांनी. चाक, स्वर, पाणी. चाक, स्वर, पाणी. दोन आवाजांमधली शांतता जराशी लांबली की माझे खोरे हवेत थांबे. भय असे ऐकावे लागते, हे मला तेव्हा कळले.

एका दुपारी मोट पाण्याला टेकल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्यामागून ओळ आली नाही. पाहिले तो मामींचा हात उंच होता, त्या ओरडत होत्या, आणि मामा डोळे मिटून, जुवावर कपाळ टेकून उभे होते. त्यांचा भार बैलांना मागे रेटीत होता. बैल आज्ञाधारकपणे एकेक पाऊल विहिरीकडे जात होते. मागचे खूर काठाच्या दगडावर खरखरले. मनगटाचा वेढा तसाच होता.

मी धावलो. धावून पोचणार नव्हतो. मी गायलो.

"थांब रं लेकरा, पानी आलं भेटीला."

माझा स्वर फाटका होता. बैल थांबले.

मी मनगटाचा वेढा सोडवला आणि बैल पुढे घेतले. मामा मातीत बसले, दोन्ही मुठींत माती घट्ट धरून, जणू पृथ्वीच निसटत होती. भोवळ ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तू गायलास?"

मी मान डोलावली.

"मला न्हाई आलं रं ऐकू," ते म्हणाले. मग बैलांकडे पाहून, "त्यांना आलं."

कासरा त्यांनी माझ्या हातात दिला. त्यानंतर ते धावेवर चढले नाहीत. पुढची चार-दोन वर्षे विहिरीजवळच्या निंबाखाली थारोळ्याच्या भिंतीला पाठ लावून, तळवा जमिनीवर ठेवून बसत. त्यांची जोडी मी हाकीत असे, आणि ती ओळ मला म्हणावी लागे. ती म्हणताना मी त्यांच्याकडे पाहत नसे. ते माझ्या ओठांकडे पाहत.

आता विहिरीवर इंजिन आहे. त्याचा धडधडाट लोकांना दूरवर ऐकू जातो. मला तो वर्षागणिक दूर सरकल्यासारखा वाटतो. परवा बांधावर उभा असता शिवार क्षणभर माझ्याभोवती फिरले. मी खाली बसलो, माती धरली आणि वाट पाहिली; काळही उलट्या पावलांनीच माणसाला काठाशी नेतो, आणि थांबण्याची ओळ माझ्याखेरीज ज्यांना पाठ होती ते सारे आता मातीआड आहेत.